बंगळुरूतला पत्तेदार

"यारो बंदिद्रु," आमच्या पीजीच्या आंटी म्हणाल्या. कुणीतरी आलं होतं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पत्तेदारन थरा."

शुक्रवारची सकाळ होती. माझ्या हातात फिल्टर कॉफीचा पेला होता आणि ऑफिसला उशीर होत होता. मला बंगळुरूत येऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे एवढं कन्नड कळतं. 'थरा' म्हणजे 'सारखा'. पण पत्तेदार? मला वाटलं, पत्ता विचारत आलेला कुणीतरी, कुरिअरवाला असेल. आंटींनी मान हलवली. त्या माणसाकडे पार्सल नव्हतं. त्याने गेटवरच्या वॉचमनला माझं नाव सांगून तीन गोष्टी विचारल्या होत्या. ही इथेच राहते ना? रात्री किती वाजता येते? सोडायला कोण येतं?

तुम्ही घरापासून लांब राहणारी मुलगी असाल, किंवा तुमची मुलगी अशी लांब राहत असेल, तर त्या कॉफीचं पुढे काय झालं ते सांगायला नको. ती तशीच बेसिनमध्ये गेली.

गंमत म्हणा किंवा योगायोग म्हणा, तो सगळा आठवडा मी ऑफिसात अशाच माणसासाठी शब्द शोधत होते. मी एका कंपनीत कंटेंट रायटर आहे. सांगलीत बीए इंग्रजी केलं आणि इथे आले. सध्या आम्ही मोबाइलवरच्या एका रहस्यकथेच्या खेळाचा मजकूर लिहितोय. तो बऱ्याच भाषांत निघणार आहे, त्यात तुर्कीही आहे. दर गुरुवारी इस्तंबूलच्या अनुवादक बाईंशी आमचा व्हिडिओ कॉल असतो. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणून हा कॉल आमच्याकडे संध्याकाळी सातला सुरू होतो आणि साडेआठ वाजवतो. त्या गुरुवारी वाद झाला होता तो एकाच शब्दावरून. डिटेक्टिव्हला तुर्कीत काय म्हणायचं?

सोपं उत्तर आहे 'देदेक्तिफ'. फ्रेंचमधून आलेला शब्द, तुर्कांनी आपल्या उच्चाराप्रमाणे लिहून घेतलेला, जसं आपण डिटेक्टिव्ह लिहितो. पण आमच्या खेळाची गोष्ट जुन्या काळातली. कुणीतरी शब्दकोश उघडून 'हाफिये' हा जुना शब्द सुचवला. दिसायला छान, ऐकायला छान. बाईंनी मात्र कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात वर केले. हाफिये नको, म्हणाल्या. त्या शब्दाला भीतीचा वास येतो.

शुक्रवारी सकाळी पेला धुताना मला ते वाक्य आठवलं.

हाफिये हा शब्द मूळ अरबीतला, अर्थ गुप्त, लपलेला. आपल्या ओळखीचा हिंदी 'खुफिया' हा त्याच धातूचा. तुर्कस्तानात सुलतान दुसरा अब्दुलहमीद 1876 ते 1909 गादीवर होता. त्याने साम्राज्यभर हाफिये पेरले होते. कोण कुणाकडे जेवायला गेला, कोण काय वाचतो, चहाच्या दुकानात काय बोललं गेलं, याच्या चिठ्ठ्या राजवाड्यात जायच्या. शेजारी शेजाऱ्याबद्दल लिहायचा. 1908 मध्ये राज्यघटना परत आली तेव्हा लोकांना सगळ्यात आधी ज्या गोष्टी संपलेल्या हव्या होत्या, त्यांत हे हाफिये होते.

आणि हाच सुलतान रहस्यकथांचा शौकीन होता! युरोपातल्या डिटेक्टिव्ह कथा तो भाषांतर करून घ्यायचा आणि रात्री झोपण्याआधी वाचून घ्यायचा. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल 1907 मध्ये लग्नानंतरच्या प्रवासात इस्तंबूलला गेले, तेव्हा त्याने त्यांना मेजिदिये हा सन्मान दिला. दिवसा हाफियेंच्या चिठ्ठ्या आणि रात्री होम्स. त्याच्या मनात या दोघांत काही फरक होता का, हे विचारायला मला फार आवडलं असतं.

शनिवारी सुट्टी होती. पीजीत बसून खिडकीतून प्रत्येक स्कूटरवाल्याकडे बघत राहण्यापेक्षा बाहेर पडावं असं ठरवलं. आणि बाहेर पडायचंच तर तो शब्द शोधत का नाही?

मी मल्लेश्वरमला राहते. तुम्ही बंगळुरूला आलात तर इथे सकाळी चाला. 1898 च्या प्लेगनंतर आखून वसवलेली ही वस्ती, रस्त्यांना झाडांची नावं. संपिगे रोड म्हणजे आपला चाफ्याचा रस्ता, मार्गोसा रोड म्हणजे कडुनिंबाचा. आठव्या क्रॉसवर शेवंतीचे हार हातावर मोजून विकतात. पुढे काडु मल्लेश्वराचं देऊळ आहे. काडु म्हणजे रान, रानातला मल्लेश्वर. 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि हे देऊळ त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्याशी जोडलेलं आहे. पहिल्यांदा आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी कशी उगाच परकी परकी होऊन पायऱ्यांवर बसले होते.

मल्लेश्वरममध्ये अजून काही कौलारू घरं शिल्लक आहेत. एका गल्लीत असंच एक घर पाडणं चालू होतं. दोन माणसं वर चढून कौलं उतरवत होती. खालून आतली खोली दिसत होती, भिंतीवरचं कॅलेंडर, देवाच्या कोनाड्याचा निळा रंग. मी थबकून बघत राहिले, कारण डिटेक्टिव्ह या शब्दात नेमकं हेच चित्र आहे. लॅटिनमध्ये 'तेगेरे' म्हणजे झाकणं, छप्पर घालणं. त्याच घराण्यातला 'तेगुला' म्हणजे कौल, त्याचाच इंग्रजीत टाइल झाला. 'देतेगेरे' म्हणजे झाकण काढणं. डिटेक्टिव्ह म्हणजे छप्पर उघडणारा. बीएच्या तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. ऑफिसच्या कामासाठी शोधाशोध करताना मिळालं.

हा इंग्रजी शब्दही फार जुना नाही. लंडनच्या पोलिसांनी 1842 मध्ये आठ जणांची वेगळी डिटेक्टिव्ह शाखा काढली. त्याआधी साध्या कपड्यांतला पोलीस म्हणजे सरकारचा हेर, अशी तिथल्या लोकांना धास्ती वाटायची. म्हणजे भीती त्यांनाही होतीच. नवा शब्द आला आणि हळूहळू लोक त्या माणसाच्या गोष्टी आवडीने वाचू लागले. दुसरा एक इंग्रजी शब्द आहे 'स्लूथ'. तो मूळचा माग काढणाऱ्या कुत्र्याच्या नावातला. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थच माग. आपल्याकडे चोराचा माग काढतात, तोच.

रिक्षा केली आणि मुद्दाम पॅलेस रोडवरून न्यायला सांगितलं. तिथे कार्लटन हाऊसमध्ये कर्नाटकच्या सीआयडीचं मुख्यालय आहे. सीआयडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शिवाजी साटमांची फिरणारी बोटं आणि दयाने तोडलेली दारं येतात. तुमच्याही आली असतील, उगाच नाकारू नका. कन्नडमध्ये सीआयडीला 'अपराध तनिखा इलाखे' म्हणतात. इलाखा आपल्याला मुंबई इलाख्यामुळे माहीत आहे. इथे तो खात्यासाठी वापरतात. महाराष्ट्रात याच खात्याला गुन्हे अन्वेषण विभाग म्हणतात. हे नाव परीक्षेत लिहायला बरं, पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडी येणार नाही. त्याच्या तोंडी येतो तो 'तपास'. "तपास लागला का हो?" असं विचारतात लोक ठाण्यात.

रिक्षा पुढे ॲव्हेन्यू रोडला आली. जुन्या पुस्तकांचा हा रस्ता अरुंद आहे, आणि हातगाड्या, दुचाकी, गाइड आणि प्रश्नसंच शोधणारी कॉलेजची मुलं यांनी भरलेला. एका दुकानाबाहेर मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारलं, "पत्तेदारी कादंबरी?" म्हातारे दुकानदार हसले आणि आतून पाच-सहा पिवळी पडलेली पुस्तकं घेऊन आले. मुखपृष्ठावर पिस्तूल, टोपी आणि घाबरलेली बाई. माझ्या आजोबांच्या ट्रंकेतल्या बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची सख्खी भावंडं!

कन्नडचे हे बाबुराव म्हणजे एन. नरसिंहय्या. त्यांनी शेकडो पत्तेदारी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या नायकाचं नाव होतं पत्तेदार पुरुषोत्तम. आपल्या अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि धनंजय, झुंजार, काळा पहाड घरोघरी पोचवले. आजोबा सांगायचे, अर्नाळकर हातात असले की जेवायला चार हाका माराव्या लागत. इथेही कुणाच्या तरी आजोबांना पुरुषोत्तमापायी चार हाका मारल्या गेल्या असणार.

दुकानदारांनी मला 'पत्ते' म्हणजे काय ते समजावलं. कन्नडमध्ये 'पत्ते' म्हणजे ठावठिकाणा, खूण. 'पत्ते हच्चु' म्हणजे शोधून काढणं. मी म्हटलं, आमच्याकडेही पत्ता लागतो, थांगपत्ता लागत नाही. ते म्हणाले, मग तुमचाच शब्द आहे, तुम्हाला कसा कळला नाही? याला काय उत्तर देणार? पत्ता आपल्याकडे पाकिटावर राहिला आणि इथे येऊन डिटेक्टिव्ह झाला. पुढचा 'दार' फारसीतला, हवालदार-फौजदारातला. तोच 'दार' तुर्कस्तानातही पोचलाय. तिथल्या प्रांताच्या अर्थखात्याच्या प्रमुखाला आजही 'देफ्तेरदार' म्हणतात. आपला दप्तरदार! तुर्कीतला 'जासूस' तर जवळजवळ आपल्या बखरींतला जासूदच. तिथे पळून जाणं म्हणजे 'फिरार' आणि प्रतिनिधी म्हणजे 'वेकिल'. इस्तंबूलच्या बाईंना मी फरार आणि वकील म्हणून दाखवलं, तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या होत्या.

मी एक पुस्तक घेतलं. वाचता येत नाही अजून, अक्षरं लावत लावत जाते. पण घेतलं.

चिकपेटेहून मेट्रोने मॅजेस्टिक, तिथे गाडी बदलून विधानसौध. समोर लाल रंगाची लांबच लांब इमारत आहे, कर्नाटक उच्च न्यायालय. जुने लोक तिला 'अट्टारा कचेरी' म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कुणा अत्तराच्या व्यापाऱ्याची असेल. अट्टारा म्हणजे अठरा. 1868 मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा म्हैसूर सरकारची अठरा खाती तिथे भरायची. अठरा कचेऱ्या! याच न्यायालयाचे एक निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. ज्या खटल्याने हे ठरलं, त्याचं नाव बंगळुरूतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं आहे.

हा हक्क सरकारपुढे उभं राहून मागायचा. माझ्या वॉचमनला प्रश्न विचारणाऱ्याचं काय? आपल्याकडे खासगी डिटेक्टिव्हसाठी वेगळा कायदा नाही. 2007 मध्ये राज्यसभेत त्यासाठी विधेयक आलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. ना परवाना, ना नियम. चांगलं काम करणारे आहेतच. मुंबईच्या रजनी पंडित यांनी बाई असून या धंद्यात नाव काढलं, त्यांच्या मुलाखती तुम्ही वाचल्या असतील. पण पाटी लावायला कुणालाच कुणी अडवत नाही. आणि पाट्यांवर पहिली ओळ बहुतेक वेळा एकच असते, लग्नापूर्वीची चौकशी.

कब्बन पार्कात बाकावर बसून मी हेच मनात घोळवत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग तिने अगदी सहज विचारल्यासारखं केलं. आईला सहज विचारता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"काय गं, गुरुवारी तू कुठे जातेस?"

मी आंटींबद्दल तिला काहीच बोलले नव्हते.

"गुरुवारी? का?"

"नाही, रात्री साडेनऊ वाजतात म्हणे तुला."

म्हणे. तो पत्तेदार कुणाचा होता ते मला कळलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पुण्याचं एक स्थळ होतं, त्याबद्दल मला आधीच सांगितलेलं होतं. मी नाही म्हटलं नव्हतं. मुलगा बोलायला बरा वाटला होता. त्याच्या मामांनी परस्पर इथल्या एका एजन्सीला पैसे दिले. एजन्सीने अहवाल दिला, नोकरी खरी, राहणं ठीक, मात्र दर गुरुवारी उशिरा येते, सोडायला गाडी असते. मध्यस्थ बाईंनी हळूच आईच्या कानावर घातलं. आई तीन रात्री झोपली नव्हती.

गाडी ऑफिसची कॅब होती आणि उशीर इस्तंबूलचा. डॉयलसाहेबांच्या गोष्टीतही असंच होतं, नाही का? वस्तुस्थिती सगळी बरोबर असते, फक्त पोलिसांनी लावलेला अर्थ चुकतो. त्या माणसाने वॉचमनला विचारलं, रस्त्यावर उभा राहिला, घड्याळ बघितलं. फक्त मला विचारलं नाही.

मी आईवर चिडले. बागेत बसलेले दोघेतिघे वळून बघायला लागले, इतकी. आई म्हणाली, "अगं, चौकशी तर करतातच. आम्ही नाही का केली? तुझी मावशी गेली होती की त्यांच्या सोसायटीत."

आता मावशीची चौकशी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही घरात एक मावशी असेल. ती तळमजल्यावरच्या घराची बेल वाजवते आणि सरळ सांगते, आम्ही मुलीकडचे, जरा माहिती हवी होती. पाणी पिते, चहा घेते, निघताना आपला फोन नंबर देऊन येते. अर्ध्या तासात त्या मुलाच्या आईला कळलेलं असतं की कुणीतरी येऊन गेलं. मला तेव्हा कुठे कळलं की मी आठवडाभर शोधत असलेला फरक इथे होता. गुप्तहेर म्हणजे गुप्तपणे हेरणारा. शब्दाचं सगळं लक्ष त्याच्या लपण्यावर आहे, हाफियेसारखंच. मावशी कुठे लपली होती? हे मी आईला सांगितलं. शब्दांचं पुराण नाही, एवढंच सांगितलं की मावशी दारात उभी राहिली, हा माणूस गेटवर उभा राहिला.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी सांगते त्यांना."

तिने खरंच सांगितलं. काय सांगितलं ते मला पूर्ण कळलेलं नाही. पण रविवारी त्या मुलाचा मेसेज आला. त्याला या प्रकाराची कल्पना नव्हती, मामांशी त्याचं भांडण झालं होतं आणि तो पुढच्या महिन्यात बंगळुरूला येऊ का, असं विचारत होता. मी उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. मग मल्लेश्वरममधल्या लोणी डोशाच्या दुकानाचा पत्ता पाठवला.

पुढच्या गुरुवारी सात वाजता मी लॅपटॉप सुरू केला आणि आईलाही कॉलवर घेतलं. नियमात बसतं की नाही ते माहीत नाही, पण कामाला अजून सुरुवात व्हायची होती. म्हटलं, बघ, मी गुरुवारी इथे असते. आईने पदर सारखा केला आणि हात जोडले. इस्तंबूलच्या बाईंनीही हात जोडले. दुभाषी मी. काय झालं ते त्यांना थोडक्यात सांगितलं, तेव्हा त्यांनी आईकडे बघून एकच शब्द उच्चारला, "हाफिये!" आणि कपाळावर हात मारून घेतला. तो हात आईला बरोबर कळला.

मग आईने विचारलं, तुमच्याकडे कशी ठरतात लग्नं?

बाई म्हणाल्या, आता बहुतेक मुलंमुली आपापली ठरवतात. पण तरीही मुलाकडची मंडळी मुलीच्या घरी रीतसर मागणी घालायला येतात, आणि मुलगी सगळ्यांसाठी कॉफी करते. नवऱ्या मुलाच्या कॉफीत ती साखरेऐवजी मीठ घालते. त्याने चेहरा न बदलता ती पिऊन दाखवायची.

मी मराठीत सांगितलं. आई हसायलाच लागली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "येऊ दे त्याला इथे. पोह्यात घालू."